मारक्याला गरीब म्हणणारे साडू

आमच्या साडूंनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज व्हायला नको. सगळा जन्म मी बैलांच्या बाजारात काढला. ईटच्या बाजारापासून पार बार्शीच्या बाजारापर्यंत एकाही व्यापाऱ्यानं मला म्हातारा बैल तरणा म्हणून गळ्यात बांधला नाही, एकाही दलालाला माझ्या डोळ्यांत धूळ टाकता आली नाही. फसवलं ते या एकाच माणसानं. आणि तो माणूसही असा, की अख्ख्या तालुक्यात त्याच्याइतका भोळा जीव झाला नाही असं लोक आजही देवाची आण घेऊन सांगतात. मीही सांगत असे. तिथंच तर फसलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडू म्हणायचो आणि ते मला साडूच म्हणायचे, त्यामुळं बाजारात कुणी 'ओ साडू' अशी हाक मारली की आम्ही दोघं एकदमच मागं वळायचो. नात्यानं साडू आणि धंद्यानं भागीदार. निजामाच्या अमदानीत आम्ही दोघांनी मिळून बैल घेतले, पोसले आणि विकले. मी मूळचा कुणी नव्हतो. दुसऱ्याचे बैल अनवाणी पायांनी बाजाराला हाकत नेणारा माणूस. वर आलो तो तोंडाच्या आणि रागाच्या जोरावर. राग हे माझं भांडवल होतं. विकणाऱ्यानं किंमत सांगितली की मी ताडकन उठायचो, रुमाल झटकायचो, त्याच्या बैलाचे आणि त्याच्या पूर्वजांचे एकत्रच दोष काढायचो आणि तरातरा निघून जायचो. मी निघून गेल्यावर मागं उरायचे ते साडू. उंच, वाळके, कानांच्या पाळ्या चांगल्या पोळीएवढ्या, डोक्याला तांबडा पटका आणि तोंडात सदा भुईमुगाची शेंग. शेंग स्वतःला आणि खिशातला गूळ बैलाला, अशी त्यांची वाटणी ठरलेली असे. पुष्कळदा ती उलटीही व्हायची.

साडू आधी बैलाला राम राम घालायचे, मग मालकाला. बैलाला 'वाटंनं तरास न्हाय ना झाला?' असं विचारून ते खरोखरच उत्तराची वाट बघायचे. मांजर घोंगड्यावर बसलेलं असलं तर स्वतः जमिनीवर बसायचे. पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. समोरच्या माणसाकडं बघून ते त्याचं जे वर्णन करायचे, त्याचा त्या माणसाशी काडीचा संबंध नसे. आमच्या गावचा न्हावी दाढी करताना प्रत्येकाच्या गालावर एक तरी खूण ठेवायचा. साडू रक्ताचा थेंब पुसत म्हणायचे, "हात लई हलका हाय गड्याचा." हद्दीवर करोडगिरीचा नाका असे. जनावर पलीकडं इंग्रजी मुलखात न्यायचं तर तिथं जकात भरावी लागे. तिथला कारकून म्हणजे साक्षात विंचू. आम्हाला सकाळपासून उन्हात उभं करायचा. साडू त्याच्यासमोर जाऊन मला सांगायचे, "साडू, रावसाहेब लई दिलदार माणूस हायत. कामाचा ताण लई पडतो त्यास्नी." काही खेपांनंतर त्या विंचवानं साडूंना सावलीत बसवून माठातलं पाणी दिलं. मला मात्र तो अखेरपर्यंत उन्हातच ठेवत होता. म्हणजे तो दिलदार झाला होता की नव्हता, हेही मला कधी ठरवता आलं नाही.

त्यांच्या घरातला प्रकार तर त्याहून अवघड. अक्कांचा, म्हणजे साडूंच्या बायकोचा, आवाज विहिरीवर सुरू झाला की मारुतीच्या देवळात आरती थांबायची. आणि साडू ओट्यावर बसून मला गंभीरपणे सांगायचे, "आमची ही अबोल हाय हो. मनातलं मनातच ठिवती." त्या वेळी आतून अक्कांचं बोलणं अखंड चालू असे. शेजारीण, शेजारणीची सून, तिचं माहेर, माहेरची म्हैस.

"ही अबोल?" मी म्हणालो.

"हे वरवरचं झालं, साडू. आतलं काय बोलत न्हाय ती."

आणि अक्का? ज्या माणसाला मांजर उठवत नव्हतं, त्याच्याबद्दल अक्का साऱ्या आळीला सांगायच्या, "ह्यांचा धाक लई. एकदा डोळं वटारलं की घर गप." ते डोळे वटारलेले मी जन्मात पाहिले नाहीत. अक्कांनी कुठं पाहिले, देव जाणे. एकमेकांबद्दल इतकं साफ चुकीचं समजून घेतलेलं दुसरं जोडपं मला माहीत नाही आणि इतकं सुखात नांदलेलंही माहीत नाही. उलट आमच्या घरी बघा. मी बायकोला आणि बायको मला, बैलाचे दात मोजावेत तशी मोजून ओळखत होतो. कुठला दात हलतो, कुठला किडका, सगळं पाठ. त्या अचूक ओळखीचा उपयोग एवढाच झाला, की आमचं भांडण वेळ न घालवता सुरू व्हायचं.

आता आमच्या धंद्यातले दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जो बैल शिंग मारतो तो मारका. जो मारत नाही, पोरासोरांनाही अंगावर घेतो, तो गरीब. विकणारा प्रत्येक बैलाला गरीब म्हणतो आणि घेणारा प्रत्येक बैलाला मारका धरून चालतो. यात कुणाचा कुणावर राग नसतो. साडूंची तऱ्हा मात्र अशी, की बैल विकत घेतल्यावरही, दावणीला बांधल्यावरही, अंगावर आल्यावरही ते त्याला गरीबच म्हणायचे. ही त्यांची बैल वळवण्याची रीत होती. मारका बैल स्वस्तात मिळतो. तो घ्यायचा, त्याला वेसण आवळायची नाही, काठी दाखवायची नाही, सरळ त्याच्या मानेखालून वाकून जायचं आणि तोंडानं सारखं 'गरीब हाय माझा, लई गरीब हाय' म्हणत त्याच्या पाठीवर, वशिंडाच्या मागं, तळहात ठेवून उभं राहायचं. माकणीचा एक बैल आम्ही असाच आणला. दोन धन्यांना त्यानं अंथरूण धरायला लावलं होतं. मी साफ नको म्हणत होतो. साडू 'राम राम, गरीबा' म्हणत त्याच्यापुढं गेले आणि त्यानं त्यांना उचलून सरळ उकिरड्यावर टाकलं. मी काठी घेऊन धावलो. साडू उकिरड्यावरूनच हात वर करून ओरडले, "मारू नगा! त्याच्या मनात न्हवतं, साडू. त्येला वाटलं म्या कुणी दुसराच हाय."

पुढं महिन्याभरात तोच बैल दावणीला आडवा पडून रवंथ करायचा आणि गल्लीतली पोरं त्याच्या पोटावर चढायची. साडू दारात उभे राहून त्याच्याकडं बघायचे. काय तो चेहरा! अभिमान नाही, आश्चर्य नाही. मूर्तीचा डोळा जिथं उघडायचा तिथंच उघडला म्हणून मूर्तिकाराला वाटत असेल तसं काहीतरी. तो चेहरा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. पण म्हणून रीत खरी होती असंही म्हणवत नाही. सास्तूरचा एक बैल साडूंनी वर्षानुवर्षं गरीब म्हणून पाळला आणि तो वर्षानुवर्षं त्यांना मारत राहिला. शेवटी साडू एका पायानं लंगडायला लागले, तरी 'गरीब हाय, जरा घाबरट हाय' एवढाच फरक त्यांनी केला.

हीच रीत त्यांनी माझ्यावर चालवली. म्हणजे चालवली की नाही, हाच तर सगळा वाद आहे.

मी बाजारात तोंड टाकून निघून गेलो, की साडू विकणाऱ्याच्या शेजारी उकिडवे बसायचे. शेंगा पुढं करायचे. "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नगा, पाटील. वरनं निवडुंग हाय, आत समदं लोणी. परवा माझ्या देखत एका म्हातारीसाठी डोळ्याला पाणी आलतं त्यांच्या." असली म्हातारी या पृथ्वीवर नव्हती. पण विकणारा विरघळायचा, साडू मला लांबून हाक मारायचे, मी फणफणत परत यायचो आणि सौदा व्हायचा. मला वाटायचं, काय डाव आहे! मी आग, हे पाणी. एकदा परत येताना गाडीत मी खूश होऊन म्हणालो, "साडू, आज लोणी झ्याक लावलंव."

त्यांनी शेंग फोडायची थांबवली. "लावलं म्हंजी?"

"म्हणजे माझं ते आतलं लोणी वगैरे."

"लावायचं काय त्येच्यात? हाय ते सांगितलं." आणि त्यांनी माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहात ठेवला.

मी मनात म्हणालो, भोळा आहे बिचारा. इतकी वर्षं शेजारी बसून यानं मला पाहिलंच नाही.

भोळेपणाची किंमत मात्र मला पडली. हळूहळू बाजारात माझ्या रागाला कुणी भीक घालेना. मी शिव्या द्यायला लागलो की शेतकरी माझ्याकडं हसऱ्या तोंडानं बघायचे, लहान लेकरू बोबडं बोलतंय तसं. एक म्हातारा तर मला मध्येच म्हणाला, "बोला मालक, बोला. मन मोकळं व्हतंय. साडूंनी सांगितलंय आमास्नी." ज्या भांडवलावर मी उभा राहिलो ते असं देखत्या डोळ्यांनी बुडालं. मी साडूंना खडसावलं, "माझी बदनामी थांबवा." ते म्हणाले, "बरं." आणि पलीकडं जाऊन कुणाला तरी सांगायला लागले, की बघा, चांगलं बोललेलंही सोसत न्हाय, इतका संकोची माणूस.

तुम्ही म्हणाल, माणूस ओळखायचं एवढं डोकं तुम्हाला आहे, तर साडू खरंच भोळे की नाटकी, हे तुम्हाला कळलं कसं नाही? सांगतो. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून किंमत सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. बोटं किंमत सांगतात, पण तळहात त्याहून पुष्कळ सांगतो. गरजू माणसाचा तळहात ओला होतो. खोटं सांगणाऱ्याचा गार पडतो. लोभी माणसाची नस अंगठ्याच्या मुळाशी उडते. मी रुमालाखाली हात धरला की माणूस आरपार बघायचो. आणि साडूंचा हात? खापरीसारखा कोरडा. सुखात कोरडा, नुकसानीत कोरडा, सास्तूरच्या बैलानं पाय मोडला त्या दिवशीही कोरडा. त्या हातातून मला कधी एक अक्षरही वाचता आलं नाही. भोळ्याच्या हातात वाचण्यासारखं काही नसतंच, असं मी धरून चाललो.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. लुटालुटीच्या धास्तीनं गावागावांतून माणसं उठून हद्दीपलीकडं बार्शीकडं चालली होती. ज्याच्याकडं गाडी-बैल तो सुटला, ज्याच्याकडं नाही तो भिंतीला पाठ लावून बसला. माझ्याकडं तेव्हा पाखऱ्या आणि हौशा ही जोडी होती. पांढरीशुभ्र खिल्लारं, वासरं होती तेव्हापासून माझ्या हातची. मी विकणारा माणूस. किंमत आली तर उंबरा विकला असता, पण ही जोडी नाही. ज्या वाटेवर मी लोकांच्या बैलांमागं अनवाणी चाललो होतो, त्याच वाटेनं संध्याकाळी ही जोडी छकड्याला जुंपून विनाकारण एक चक्कर मारायचो. लोक बघायचे. बस, एवढंच. दुसरं काही मी कमावलं असं मला वाटत नाही.

एके दिवशी मी ईटच्या बाजाराहून परतलो. दुपार टळत आली होती. दावण मोकळी. छकडाही नाही. साडू गव्हाणीच्या कडेवर बसून शेंगा खात होते.

"जोडी कुठं आहे?"

"बार्शीला गेली."

"कुणी नेली?"

"शिंप्याच्या म्हातारीनं. सून पोटुशी हाय, दीस भरलेत, लेक गावात न्हाय. तुमच्याकडंच मागाय आलती बिचारी. तुमी न्हवताव. मग म्याच तुमच्या वतीनं व्हय म्हणलं."

"माझ्या वतीनं?"

"मग? तुमी असताव तर न्हाय म्हणला असताव का?"

मी तोंड उघडलं. 'होय, म्हणालो असतो! शंभरदा म्हणालो असतो!' हे शब्द जिभेवर तयार होते. आणि मी पाहिलं तर दारात अर्धी गल्ली उभी. सगळे माझ्याकडं, त्या माकणीच्या बैलाकडं बघावं तसे मायेनं बघत होते. आमची मंडळी तांब्या घेऊन आली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा चेहरा करून तिनं मला कधी पाणी दिलं नव्हतं. मी तोंड मिटलं. पाणी प्यालो. मग एवढंच म्हणालो, "तुमचे बैल का नाही दिले?"

"माझा एक म्हातारा झालाय," साडू म्हणाले, "आन् दुसरा त्यो सास्तूरचा. गरीब हाय, पण गाडीत बायका बसल्यावर कसा वागंल, काय नेम न्हाय."

रागाच्या भरात हे वाक्य माझ्या कानावरून गेलं. काटा पायात मोडतो तेव्हा कळत नाही, ठणका नंतर लागतो, तसं झालं. चार दिवसांनी भाकरीचा घास हातात असताना मला एकदम ते वाक्य ऐकू आलं. गरीब हाय, पण नेम न्हाय! म्हणजे तो मारका आहे हे या माणसाला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं तोंडानं गरीब म्हणत असताना माहीत होतं. मग मी? माझं काय माहीत होतं?

विचारायला सवड मात्र मिळेना. मी जोडी दिली ही बातमी पसरली आणि आसपासच्या वस्त्यांवरून निघालेली माणसं वाटेत माझ्या गोठ्यात टेकायला लागली. 'ते मालक बोलत्यात, पण मनात न्हाय त्यांच्या,' असं एकमेकांना सांगून येत. मी प्रत्येकावर ओरडलो. 'धर्मशाळा आहे का ही?' असं रोज म्हणालो. ओरडत ओरडत ज्वारी काढून दिली, ओरडत ओरडत कडबा अंथरला. कुणी मनावर घेतलं नाही. साडू कोपऱ्यात बसून त्यांना सांगत होते, "बगा, तुमची काळजी करून करून घसा बसला बिचाऱ्याचा."

राज्य गेलं, गावं परत भरली, आणि एका सकाळी वेशीकडून घुंगरं वाजली. पाखऱ्या आणि हौशा! शिंगं रंगवलेली, पाठीवर रंगीत तुकडे जोडून शिवलेल्या झुली. शिंपिणीनं रिकाम्या हातानं बैल परत केले नव्हते. जोडी उंबऱ्याशी येऊन थांबली आणि म्हातारीनं गाडीतून उतरून सुनेचं तान्हं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. मी कित्येक दिवस घोकून एक भाषण तयार ठेवलं होतं. ज्याची वस्तू त्याला विचारावं लागतं, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. पोरानं माझा अंगठा धरला. माझ्या तोंडून निघालं ते असं, "एवढ्या उन्हात लेकराला आणतात का? अक्कल आहे का कुणाला? आत घ्या त्याला आधी!"

म्हातारी डोळे पुसत साडूंकडं वळली. "तुमी म्हणला व्हताव तसंच हायत हो ह्ये."

मी साडूंकडं पाहिलं. ते दाराला टेकून माझ्याकडं बघत होते. आणि त्यांच्या तोंडावर तोच चेहरा होता. माकणीचा बैल पहिल्यांदा आडवा पडला तेव्हाचा.

त्या दिवसापासून मी गोंधळलो, तो आजपर्यंत. माझं डोकं असं चालतं: साडूंना मी खरंच लोण्याचा वाटत असेन, तर त्यांनी मला कधी ओळखलंच नाही. जन्मभराचा भागीदार आणि त्याला मी दिसलोच नाही. आणि मी मारका आहे हे ठाऊक असून त्यांनी मला पाठीवर हात ठेवून ठेवून वळवलं असेल, तर त्यांच्याइतकं अचूक मला कुणीच ओळखलं नाही. पण मग मी त्यांच्या दावणीचा बैल ठरलो. यातलं कुठलं बरं? मी दोन्हीकडून बघतो आणि दोन्हीकडून मला राग येतो. माझा नकार हा माझा होता. चांगला, टणक, हक्काचा नकार. तो मी गावात नसताना साडूंनी परस्पर खपवला. आणि आता तो होता की नव्हता, हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मी पुष्कळांना विचारलं. आमची मंडळी ठामपणे म्हणाली, "दाजींच्या पोटात कपट न्हाय. त्यास्नी तुमी तसंच दिसताव."

"आणि तुला कसा दिसतो?"

तिनं तवा उतरवला. "मला? मारकेच हाव की. पर शिंगं कुठवर पोचत्यात ते मला ठावं हाय, तेवढं अंतर धरून राहत्ये."

मग मी अक्कांना गाठलं. अक्का हसता हसता भिंतीला टेकल्या. "भोळे? आन् हे? अवो दाजी, बैल दावणीला यायच्या आदी ह्यो कुठल्या खुराला लंगडणार हे सांगणारा माणूस हाय त्यो. तुमच्याबद्दल घरी काय म्हणायचे सांगू? म्हणायचे, माझा साडू लई तिखट, लई हिशेबी, तोंड बगून बोलावं लागतंय."

मी विजयानं उठणार, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की ही साक्ष देणारी बाई नवऱ्याचे वटारलेले डोळे पाहिलेली एकटीच बाई आहे. तिच्या साक्षीवर मी काय धरायचं? दोन सख्ख्या बहिणी, दोन साक्षी, आणि दोघीही शपथेवर.

शेवटी साडू अंथरुणाला खिळले. मी दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आता सोडायचं नाही. "साडू, सरळ सांगा. मी कसा माणूस आहे, हे तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?"

त्यांनी डोळे उघडले. "कसा म्हंजी?"

"तुम्ही लोकांना सांगत होता तसा, का खरा होतो तसा?"

त्यांनी उशाचा पटका ओढला, माझा हात हातात घेतला आणि दोघांच्या हातांवर पटका टाकला, बाजारात टाकायचे तसा. मी सावध झालो. आता बोटं बोलणार. पण त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून ठेवला. आणि मला जाणवलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा तळहात ओला होता. अगदी चिंब. हा हात आज बोलला! मी वाचायला लागलो, गरज आहे, का खोटं आहे, का आणखी काही, आणि तेवढ्यात अक्का आतून आल्या, साडूंच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बया, ताप उतरायलाय वाटतं. घामानं भिजलेत की समदे."

ताप! म्हणजे पुन्हा काहीच वाचता आलं नाही. साडू पटक्याखाली हात तसाच धरून झोपी गेले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

पाखऱ्या-हौशाही यथावकाश गेले. बाजारात मी अजून जातो. किंमत ऐकली की अजून ताडकन उठतो, रुमाल झटकतो आणि निघून जातो. चार पावलं गेल्यावर थांबतो. मागं कुणी उकिडवं बसलेलं नसतं, लांबून कुणी हाक मारत नाही. 'साडू' अशी हाक कुणी मारली तरी आता वळायला एकटाच मी. पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा आहे, तिथं अलीकडं थंडी वाजते.

तेव्हा साडू, असाल तिथून जबाब द्या. मी दिसत होतो का नव्हतो? बैलाला निदान वेसण दिसते, मला ती दिसू दिली नाहीत. तुम्ही जे गावभर सांगत सुटला होता, ते खरं करून दाखवायचं ओझं माझ्या एकट्याच्या मानेवर टाकून गेलात. कालच एकजण बैल मागायला आला, फुकट, आठ दिवसांसाठी. मी त्याला दारातून हाकलायला म्हणून उठलो आणि दावं सोडून त्याच्या हातात दिलं. वरून ओरडलो. तो हसला. भागीदारीत हे असलं चालत नाही, साडू. याचा जाब तुम्हाला द्यावाच लागेल.